डॉग वॉकर वेगळा, डॉग ट्रेनर वेगळा

"ताई, रोज अर्धा तास फिरवताच आहात, तर जरा बसणं-उठणंही शिकवून टाका की!" कोथरूडमध्ये कुत्री फिरवायला लागले तेव्हापासून हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं. नऊ वर्षं मी फक्त वॉकर होते, आता ट्रेनिंगही देते. या दोन कामांची गल्लत कुत्र्याला किती महागात पडते, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. या क्षेत्रात पोटापाण्याचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी तरी ती करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

वॉकर कुत्र्याची आजची गरज भागवतो. शी-शू, पाय मोकळे करणं, मनसोक्त हुंगणं, चार भिंतींबाहेरचं जग बघणं. ट्रेनर सवय बदलतो, आणि ती कुत्र्याइतकीच घरातल्या माणसांची असते. तासाभराच्या सेशनमध्ये माझा बराचसा वेळ आजी-आजोबांना, मुलांना आणि स्वयंपाकाच्या मावशींना समजावण्यात जातो. अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला एकाने "नको" म्हणायचं आणि दुसऱ्याने कुरवाळायचं, असं चाललं तर मी आठवडाभर घाम गाळूनही काही उपयोग नसतो.

मग एकाच फेरीत दोन्ही का नाही? कारण कुत्रा ओढतो तेव्हा त्याला त्याचं बक्षीस मिळत असतं. ओढलं की झाड जवळ येतं, एवढं त्याला पक्कं कळलेलं असतं. हे मोडायचं तर पट्टा ताणला गेला की थांबायचं, सैल झाला की चालायचं. सुरुवातीला अशा अर्ध्या तासात सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जेमतेम पोचता येतं. शिकणं झालं, पण तरण्या लॅब्रेडॉरचे पाय मोकळे झाले का? नाही. ती ऊर्जा मग घरी सोफ्यावर निघते. उलट भरपूर चालायचं म्हणून त्याला ओढू दिलं, तर कालचं शिकवलेलं आज पुसलं जातं. आणि एकाच अर्ध्या तासात दोन्ही बसवायची घाई झाली, की हातात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, येते. मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो.

कुत्र्यावर 'वर्चस्व' गाजवावं लागतं, ही समजूत अजून गेलेली नाही. तिचं मूळ बरंचसं रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या अभ्यासावर १९४७ साली लिहिलेल्या निबंधात आहे. पुढे डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९९९ मध्ये मोकळ्या रानातल्या निरीक्षणांवरून दाखवलं, की तिथला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंबच असतं, वर्चस्वासाठी झगडणारी टोळी नव्हे. दुसरा कुत्रा दिसताच भुंकणारा कुत्रा पुष्कळदा घाबरलेला असतो. त्याच क्षणी गळ्याला हिसका दिला तर 'कुत्रा दिसला की दुखतं' एवढंच तो शिकतो. ट्रेनर त्याला पुरेसा लांब उभा करतो, जिथे तो खाऊ खाऊ शकेल, आणि तिथून हळूहळू अंतर कमी करतो. त्याला महिने लागतात. शांत असलेला कुत्रा अचानक अंगावर यायला लागला, तर चांगला ट्रेनर आधी पशुवैद्याकडे पाठवतो, कारण कानात किंवा सांध्यात दुखणं असू शकतं.

आता वॉकरबद्दल. त्याला लोक "तो मुलगा" म्हणतात आणि ट्रेनरला "सर". हे मला कधीच पटलं नाही. रोज फिरवताना त्या कुत्र्याची चाल, शी, भूक, श्वास पहिल्यांदा वॉकरच्या लक्षात येतो. माझ्याकडचा एक लॅब्रेडॉर रोज जिना धावत उतरायचा. एका सोमवारी तो तिसऱ्या पायरीवर थांबून माझ्याकडे बघत राहिला. ओठ उचलून पाहिलं, तर हिरड्या पांढुरक्या. रक्ताच्या तपासणीत गोचीडताप निघाला. घरचे दोघेही नोकरीवर, ते रात्रीपर्यंत "आज जरा सुस्त आहे" म्हणाले असते. तेव्हापासून बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या आतली बाजू तपासल्याशिवाय मी कुत्रा घरी सोडत नाही.

हवामान ओळखणं हेही वॉकरचंच काम. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर पंजे टेकवायचे नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात संध्याकाळी सहालाही रस्ता तापलेला असतो. पावसाळ्यात डबकी टाळायची, कारण उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. शिवाय कोणत्या गल्लीवर कोणत्या भटक्या कुत्र्यांचा हक्क आहे, त्यांची हद्द कुठे संपते, हे डोक्यात नकाशासारखं बसवावं लागतं.

फिरवणं ही चैन नाही, हे कायदाही मानतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं ही मालकाची क्रूरताच मानली आहे. ट्रेनरच्या बाबतीत मात्र कायदा मोकळा आहे. पैदास करणाऱ्यांसाठी २०१७चे आणि पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८चे केंद्रीय नियम आहेत, पण ट्रेनर म्हणून कार्ड छापायला तसा कुठलाच केंद्रीय परवाना लागत नाही. म्हणून मी कुत्र्याच्या पालकांना ट्रेनरला एकच प्रश्न विचारायला सांगते: "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" उत्तरात साखळी, हिसका, दम असे शब्द आले, तर नमस्कार करून निरोप द्यावा.

दोन्ही कामं एकमेकांवर टेकून उभी असतात, ते पोलिसांच्या श्वानपथकात स्पष्ट दिसतं. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबईत तीन टनांहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा 'जंजीर' हा लॅब्रेडॉर पुण्यात शिवाजीनगरच्या केंद्रात शिकला होता. शिक्षण संपलं तरी पथकातल्या कुत्र्याचा सराव रोज चालतो. त्याला फिरवणं, खरारा करणं, शिकवलेलं ताजं ठेवणं हे सगळं त्याचा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा पोलीस, करतो. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत ही जागा वॉकर आणि मालक मिळून भरतात.

पैशाचं गणित वेगळं आहे. वॉकरचे तास थंड वेळेला बांधलेले. सकाळी साडेपाच ते नऊ धरले आणि एका कुत्र्याला जाण्यायेण्यासकट चाळीस मिनिटं, तर पाच कुत्री होतात. संध्याकाळी पुन्हा तीच. म्हणजे पाचच घरं. पण ती घरं वर्षानुवर्षं टिकतात, महिन्याचे पैसे ठरलेले असतात. खाडा चालत नाही, बदली माणूस तयार ठेवावा लागतो, आणि दिवाळीत गावी जायचं विसरायचं. ट्रेनर भर दुपारी घरातही शिकवू शकतो, एका सेशनचे पैसे जास्त मिळतात, पण काम नीट झालं की दोन-तीन महिन्यांत ते घर सुटतं. त्याला सतत नवीन घरं शोधावी लागतात.

माझं मत विचाराल तर आधी पूर्ण एक वर्ष फिरवा, त्यात एक अख्खा मे महिना आणि एक अख्खा जुलै महिना आलाच पाहिजे. त्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. ती घेतली असली तरी चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. कुत्र्याची देहबोली वाचता यायला लागली, की कुणा जाणत्या ट्रेनरच्या हाताखाली राहा.

ज्या दोन घरांत मी दोन्ही करते, तिथे वेळाही वेगळ्या ठेवल्या आहेत आणि सामानही. फिरायला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणि लांब दोरी, शिकायला गळ्यातला साधा पट्टा. त्यातला बीगल आता हार्नेस दिसला की थेट लिफ्टकडे धावतो, आणि पट्टा दिसला की माझ्या समोर बसून खाऊच्या पिशवीकडे टक लावतो.