शाम्पू नक्की कुणासाठी, टाळूसाठी की केसांसाठी?

शाम्पूच्या बाटल्यांवर काय लिहिलेलं असतं बघा, ड्राय हेअर, डॅमेज्ड हेअर, लाँग हेअर, कलर्ड हेअर, म्हणजे सगळं केसांबद्दल, आणि मग आपणही आपले केस कसे आहेत ते आठवतो आणि त्याप्रमाणे बाटली उचलतो. मी कितीतरी वर्षं हेच केलं. माझी टोकं राठ, त्यांना सतत फाटे फुटायचे, म्हणून मी कायम कोरड्या केसांचा तो क्रीमसारखा दाट शाम्पू आणायचे आणि दुसऱ्याच दिवशी मुळाशी केस चिप्प, वर खाज, वर कोंडा. मग वाटायचं की अजून मॉइश्चर कमी पडतंय, की अजून दाट शाम्पू. केस म्हणजे नक्की काय आणि शाम्पू नक्की काय करतो हे नीट वाचून काढल्यावर कळलं की मी शाम्पू टोकांकडे बघून निवडत होते आणि चोळत होते टाळूवर.

आपल्या डोक्यावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक टाळूची त्वचा, जी जिवंत आहे, तिला रक्त मिळतं, घाम येतो, तेल सुटतं, पेशी सारख्या नवीन बनतात आणि जुन्या झडतात. दुसरी गोष्ट केस, जो त्वचेच्या बाहेर आला की मेलेला असतो, केराटिन नावाच्या प्रोटीनचा एक धागा. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कुणाचे केस ६० सेंटिमीटर लांब असतील तर त्या केसाचं टोक ५ वर्षांचं झालेलं असतं, आणि आठवड्यातून दोनदा केस धुतले असं धरलं तर ते टोक पाचशेपेक्षा जास्त वेळा धुतलं गेलेलं असतं, वर ऊन, कंगवा, टॉवेल, रबरबँड हे वेगळंच. त्याच केसाचं मूळ मात्र परवा बाहेर आलेलं. एकाच केसाची दोन टोकं, एक कोरं कापड आणि एक पाच वर्षं वापरून झिजलेलं, आणि आपण दोघांना एकाच मापाने धुतो.

त्या धाग्यावर बाहेरून पातळ खवल्यांचे थर असतात, त्याला क्युटिकल म्हणतात. कौलारू छपरावर कौलं कशी एकावर एक चढवलेली असतात अगदी तसे, आणि त्यांची उघडी कड टोकाच्या दिशेला असते. हे घरीच तपासता येतं, एक लांब केस दोन बोटांत धरा, मुळाकडून टोकाकडे बोटं सरकवली तर गुळगुळीत लागतो आणि टोकाकडून मुळाकडे सरकवली की किंचित अडकतो. या कौलांवर चरबीचा एक अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने घट्ट चिकटलेला असतो आणि त्याच्यामुळे नव्या केसावर पाणी फार ठरत नाही, केस चमकतो, एकमेकांवरून घसरतो. ब्लीच, कलर, स्ट्रेटनिंगची तीव्र केमिकल्स यांनी हा थर निघून जातो आणि एकदा गेला की तो परत येत नाही कारण तो परत बनवायला तिथे जिवंत पेशीच नाहीत. म्हणूनच शाम्पूतल्या व्हिटॅमिनने केसाचं पोषण होतं हे मला पटत नाही. मेलेल्या धाग्याला काय पोषण देणार? पॅन्थेनॉलसारखा घटक (हे बी५ व्हिटॅमिनचंच एक रूप) केसावर बसतो, थोडं पाणी धरून ठेवतो, केस मऊ लागतो, तेवढं खरं आहे आणि तेवढंच काम तो करतो. केसाला जे काही खाद्य मिळायचं ते मुळाशी, रक्तातून, तो बनत असताना.

आता तेलाचं बघू. केसाच्या प्रत्येक मुळाशी तेलग्रंथी असतात, त्यातून सीबम म्हणजे त्वचेचं स्वतःचं तेल बाहेर येतं. सरळ केसांवरून ते पटकन खाली उतरतं म्हणून सरळ केस लवकर तेलकट दिसतात, आणि कुरळ्या केसात प्रत्येक वळणावर ते अडतं म्हणून डोकं तेलकट आणि टोकं कोरडी असं होतं. किती तेल सुटणार हे मुख्यतः हार्मोन्स ठरवतात. लहान मुलांत कमी असतं, वयात येताना एकदम वाढतं, आणि उतारवयात परत कमी होतं, बायकांमध्ये पाळी गेल्यावर तर बरंच. त्यामुळे "रोज धुतले की टाळू जास्त तेल सोडायला लागते" हे जे सगळीकडे ऐकू येतं त्याला आधार नाही, शाम्पू वरचं तेल काढतो, आत खोलवर बसलेल्या ग्रंथीला तेल संपल्याचा निरोप वगैरे काही जात नाही. दोन दिवसांनी डोकं परत तेलकट होतं कारण ग्रंथी आपल्या नेहमीच्या वेगाने काम करतायत.

मग किती वेळा धुवायचं? टाळू सांगेल तेव्हा. तेलकट वाटतंय, वास येतोय, खाज येतेय की धुवा, मग ते रोज असो नाहीतर एक दिवसाआड. टाळू कोरडी आहे, केस खूप कुरळे आहेत, वय झालंय, तर आठवड्याने धुतलं तरी चालतं. घाम खूप येतो, व्यायाम करता, तर रोज सौम्य शाम्पू लावण्यात काही वाईट नाही. २०२१ मध्ये आशियाई लोकांवर केलेला एक अभ्यास छापून आला होता, त्यात आठवड्यातून ५-६ वेळा धुणाऱ्यांना टाळू आणि केस दोन्ही जास्त चांगले वाटले, पण तो शाम्पू बनवणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांचा आहे हे लक्षात ठेवून वाचावा. तरी वारंवार धुतल्याने टाळू बिघडते ही भीती मात्र त्यात खरी ठरलेली नाही.

शाम्पू तेल काढतो कसं, तर त्यात सर्फॅक्टंट नावाचे रेणू असतात. या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं आणि दुसरं तेलाकडे, मग असे पुष्कळ रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात, तेलाकडची टोकं आत आणि पाण्याकडची बाहेर, आणि तो गोळा पाण्याबरोबर वाहून जातो. साबणही हेच करतो पण साबण असतो अल्कलीयुक्त, त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ च्या वर अल्कली, खाली आम्ल) ९-१० च्या आसपास आणि टाळूचा साधारण ५.५, आणि त्यात पाणी जड असेल तर पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा चिकट साका तयार होतो जो केसांवर बसतो, केस निस्तेज आणि चिकट. जुन्या काळी लोक केसही साबणानेच धुवायचे तेव्हा हा त्रास सर्रास होता. १९३४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ड्रीन नावाचा शाम्पू आणला, ज्यात साबण नव्हता, सिंथेटिक डिटर्जंट होतं, आणि जड पाण्यातही साका होत नव्हता. आपण आज वापरतो ते शाम्पू त्याच वाटेने आलेले आहेत.

आणि फेस. फेस म्हणजे स्वच्छता नाही हो. तेल फेस मारतं, म्हणून तेलकट डोक्यावर पहिल्यांदा लावलं की फेस येत नाही आणि दुसऱ्यांदा भरपूर येतो, त्यावरून तेल निघालंय एवढं कळतं. सल्फेट (भरपूर फेस देणारा एक सर्फॅक्टंट) नसलेल्या शाम्पूला फेस कमी येतो म्हणून लोक दुप्पट ओततात, त्याची गरज नसते. डोक्याला खूप तेल लावलेलं नसेल तर दोनदा लावायचीही गरज नसते.

सल्फेटबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं कारण भीती फार पसरलीय. सोडियम लॉरिल सल्फेट हे जास्त कडक, तेल जोरात काढतं आणि नाजूक त्वचेला चुरचुरू शकतं. सोडियम लॉरेथ सल्फेट हे त्याचंच सौम्य केलेलं रूप, नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. दोन्हींमुळे कॅन्सर होतो असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय, ते खरं नाही. त्रास होतो तो जळजळ आणि कोरडेपणाचा, आणि तोही किती प्रमाण आहे, किती वेळ त्वचेवर राहतं यावर अवलंबून. शिवाय सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेनसारखा दुसरा सर्फॅक्टंट घातला की मिश्रण एकट्या सल्फेटपेक्षा सौम्य होतं, म्हणजे एकच नाव वाचून बाटली परत ठेवण्यात अर्थ नाही. (बीटेनची ॲलर्जीही काहींना असते, त्यामुळे सल्फेट फ्री घेऊनही खाज थांबत नसेल तर तिकडे बघा.) एक्झिमा असेल, केस रंगवलेले असतील, फार कुरळे आणि कोरडे असतील तर सल्फेट फ्री जरूर घ्या. टाळू तेलकट आणि निरोगी असेल तर साधा लॉरेथ सल्फेटवाला शाम्पू उत्तम काम करतो.

कोंड्याची गोष्ट सगळ्यात जास्त उलटी समजली जाते. पापुद्रे दिसले की वाटतं टाळू कोरडी पडली, मग तेल थापायचं. बहुतेक वेळा कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची यीस्ट जातीची बुरशी असते, ती जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर असतेच. तिला स्वतःची चरबी बनवता येत नाही, २००७ मध्ये तिचा जीनोम म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा वाचला तेव्हा दिसलं की त्यासाठी लागणारं जनुकच तिच्याकडे नाही, म्हणून ती आपल्या सीबमवर जगते. ती सीबम फोडते, तिला हवी ती फॅटी ॲसिड्स खाते आणि ओलेइक ॲसिडसारखी उरलेली त्वचेवर सोडून देते. काहींच्या त्वचेला त्याने काही होत नाही, काहींची त्वचा मात्र चिडते, पेशी घाईघाईने बनतात आणि पुंजक्याने झडतात, तो कोंडा. आता अशा डोक्यावर आपण तेल लावून रात्रभर ठेवलं तर काय होईल? पापुद्रे चिकटून बसतात म्हणून दोन दिवस कोंडा दिसत नाही आणि खाली बुरशीला आयतं जेवण. मी हे स्वतः कितीतरी वर्षं केलं म्हणून तळमळीने लिहितेय.

इथे शाम्पू बदलून खरंच फरक पडतो, पण बाटलीवर नुसतं अँटी-डँड्रफ लिहिलंय हे बघून चालत नाही, आत काय आहे ते बघा. केटोकोनाझोल, सेलेनियम सल्फाइड, झिंक पायरिथिओन, सायक्लोपिरॉक्स ही बुरशीवर काम करणारी नावं, सॅलिसिलिक ॲसिड पापुद्रे सुटे करतं. (झिंक पायरिथिओन युरोपियन युनियनने मार्च २०२२ पासून कॉस्मेटिक्समधून काढलंय, इतर बऱ्याच देशांत ते मिळतं.) आणि हे शाम्पू लावले की लगेच धुऊन टाकू नका, ३ ते ५ मिनिटं टाळूवर राहू द्या, बहुतेकांना फरक न पडण्याचं कारण हेच असतं. आठवड्यातून दोनदा, काही आठवडे, आणि कोंडा थांबला की आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवायचं कारण बुरशी कायमची जात नाही. लालसर चट्टे, जाड खपल्या, भुवयांपर्यंत पसरलेलं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

टोकांसाठी मग काय, तर कंडिशनर. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधल्या रेणूंवर धन भार असतो, त्यामुळे केस जिथे जास्त खराब तिथेच ते जास्त चिकटतात, हे मला फार सुंदर वाटतं. कौलं खाली बसतात, गुंता कमी होतो. टाळूला त्याची गरज नाही, कानाच्या खाली लावा. कंडिशनरमधल्या सिलिकॉनने केस गुदमरतात असं म्हणतात, पण केस श्वास घेतच नाही, सिलिकॉन एक गुळगुळीत थर देतं आणि घर्षण कमी करतं. बारीक केस त्याने चपटे दिसू शकतात, तेवढाच तोटा. फाटे फुटलेलं टोक मात्र कशानेच जोडलं जात नाही, ते कापायचं. आणि ज्यांना तेल आवडतं आणि कोंडा नाही त्यांनी खोबरेल तेल धुवायच्या आधी केसांच्या लांबीला लावावं, २००३ च्या एका अभ्यासात मिनरल ऑइल, सूर्यफूल आणि खोबरेल यांची तुलना केली तेव्हा केसातलं प्रोटीन धुऊन जाणं फक्त खोबरेलने कमी झालं होतं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड आत शिरू शकतं.

धुताना शाम्पू हातावर पाण्यात पातळ करा, बोटांच्या पेरांनी टाळूला चोळा, नखं नकोत. सगळे केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घासू नका, कौलं एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. टाळूवरचा फेस खाली ओघळतो तेवढ्याने लांबी स्वच्छ होते. ओला केस वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषतो, फुगतो आणि कमजोर होतो, म्हणून सरळ केस थोडे वाळल्यावर विंचरा, आणि कुरळे असतील तर उलट, कंडिशनर असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने सोडवा. टॉवेलने दाबून टिपा. ड्रायरबद्दल २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांना दिसलं की १५ सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत वापरला तर नुकसान कमी असतं, उलट केस फार वेळ ओले राहिले की आतल्या पेशींना जोडणारा भाग फुगून बिघडतो. त्यामुळे ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधून तासन्‌तास राहणं सोडाच.

शेवटचं, धुताना केस गळतात त्याबद्दल, कारण याच भीतीने पुष्कळ जण केस धुणंच कमी करतात. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळणं नॉर्मल आहे. चार दिवस न धुता राहिलात तर सुटलेले पण अडकून राहिलेले केस पाचव्या दिवशी एकदम हातात येतात आणि दोनशे-तीनशे केसांचा पुंजका बघून पोटात गोळा येतो. त्यातला एक केस उचलून बघा, टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो आपलं आयुष्य संपवून आलेला केस आहे, शाम्पूने उपटलेला नाही. केस गळायच्या आधी साधारण ३ महिने विश्रांतीच्या अवस्थेत असतो, म्हणून मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम घटवलेलं वजन यांचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो. आपण तेव्हा गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला दोष देतो. गळती अचानक वाढली असेल तर बाटली बदलायच्या आधी कॅलेंडर मागे पलटा आणि तीन महिन्यांपूर्वी तब्येतीला काय झालं होतं ते आठवा, आणि डॉक्टरांकडे गेलात तर त्यांनाही तेच आधी सांगा.