तरवड : अर्क, चांदीचे नॅनोकण आणि मधुमेह

तरवड (सेना ऑरिक्युलाटा) हे मराठवाड्यात माळरानावर, बांधावर आणि बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर आपोआप उगवणारे पिवळ्या फुलांचे झुडूप. नवरात्रात घटावरच्या माळेला त्याची फुले लागतात. सालीत टॅनिन भरपूर असल्याने पूर्वी ती कातडी कमावायला वापरत. मधुमेहावर तरवड देण्याची परंपरा विशेषतः तामिळनाडूच्या सिद्ध वैद्यकात आहे.

अर्कासाठी फुले किंवा पाने सावलीत वाळवून भरड दळतात. १० ग्रॅम भुकटी १०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात ६०–८० अंशांवर १५–२० मिनिटे ठेवून गाळतात. असा अर्क फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही, बुरशी धरते.

याच अर्काने चांदीचे नॅनोकण, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे अतिसूक्ष्म कण, बनवून मधुमेहासाठी तपासतात. त्यासाठी १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट लागते, म्हणजे १०० मिलि पाण्यात साधारण १७ मिलिग्रॅम. त्या द्रावणाच्या ९० मिलिमध्ये १० मिलि अर्क ढवळत थेंबथेंब सोडतात आणि भांडे उजेडापासून झाकतात. अर्कातली पॉलिफेनॉल द्रव्ये चांदीच्या आयनांचे धातूत क्षपण करतात. फिकट पिवळे द्रावण हळूहळू कोऱ्या चहासारखे तपकिरी होते. वर्णपटमापीवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणारे यंत्र) ४००–४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचे शिखर दिसले की कण तयार झाले असे धरतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून वेगळे करून धुतात.

पहिली चूक पाण्याची. बोअरचे खारे पाणी वापरले की द्रावण लगेच दुधाळ होते. तो सिल्व्हर क्लोराइडचा साका, नॅनोकण नव्हे. घरच्या आरओचे पाणीही चालत नाही. शिखर रुंद होऊन लांब तरंगलांबीकडे सरकले किंवा तळाशी काळा गाळ बसला, तर कण एकमेकांना चिकटले आहेत.

खरी गफलत चाचणीत होते. अल्फा-अमायलेज व अल्फा-ग्लुकोसिडेज ही पिष्ट व शर्करा पचवणारी विकरे (एन्झाइम) किती रोखली जातात, हे अकार्बोज या हीच विकरे रोखणाऱ्या मधुमेहाच्या औषधाशी ताडून पाहतात. पण कातडी कमावणारे टॅनिन प्रथिनांना चिकटते, आणि विकर हेही प्रथिनच; त्यामुळे अर्क काहीही खास न करता ‘परिणामकारक’ दिसतो. चांदीचे सुटे आयनही विकर बंद पाडतात. शिवाय ग्लुकोसिडेज चाचणीचा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला मोजतात, नेमके तिथेच नॅनोकणही प्रकाश शोषतात. म्हणून नुसता अर्क, नुसते सिल्व्हर नायट्रेट, कण धुतल्यावरचे पाणी आणि विकराविना कण, हे चारही नमुने सोबत लावावे लागतात. ते नसतील तर टक्केवारी कितीही मोठी असो, तिच्यावर विसंबू नये.

उंदरांवरच्या प्रयोगांत स्ट्रेप्टोझोटोसिन या रसायनाने स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात. असा मधुमेह टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिनच बनत नाही अशा प्रकाराच्या, जवळचा. गावोगावचे बहुतेक रुग्ण मात्र टाइप २ चे, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम कमी पडणारे.

चांदीऐवजी कायटोसान किंवा पीएलजीए या बहुवारिकांत (पॉलिमरमध्ये) औषधी घटक कोंडण्याचा मार्ग वेगळा आहे. हळदीतल्या, पाण्यात न विरघळणाऱ्या कर्क्युमिनसारख्या घटकाचे शोषण वाढवायला तो उपयोगी. तरवडाच्या पाण्यात विरघळणाऱ्या टॅनिनसाठी त्याची गरज कमी.

चांदीचे कण पोटात घेण्याचे औषध नव्हे. चांदी साठत गेल्यास त्वचा कायमची निळसर-राखाडी पडते. नुसता काढा घेणाऱ्यानेही, ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर, डॉक्टरांना सांगून ग्लुकोमीटरवर साखर तपासत राहावी. ती ७० मिग्रॅ/डेलिच्या खाली गेली की घाम, थरथर, भोवळ येते. शुद्धीवर असलेल्याला लगेच १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून पाजतात व १५ मिनिटांनी पुन्हा मोजतात.