सागरी बहुशूकी कृमींच्या नव्या जातीचे वर्णन

शास्त्रीय वाङ्मयात नोंद नसलेली बहुशूकी (पॉलिकीट) कृमींची जाती ओळखून, तिचे इतर जातींपासूनचे वेगळेपण सिद्ध करून आणि तिला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नाव देऊन ती प्रसिद्ध करण्याच्या कामास नव्या जातीचे वर्णन म्हणतात. बहुशूकी कृमी गांडूळ व जळू यांच्याप्रमाणेच वलयी (ॲनेलिडा) संघातील प्राणी असून त्यांच्या शरीराच्या बहुतेक खंडांच्या दोन्ही बाजूंस मांसल पार्श्वपाद आणि त्यांतून बाहेर आलेले ताठ शूकांचे (राठ केसांचे) झुबके असतात. त्यांच्या अकरा हजारांहून अधिक जाती वैध मानल्या जातात आणि त्यांत दरवर्षी भर पडत असते.

नवी जाती म्हणजे आजवर कोणी न पाहिलेला प्राणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसे कधी कधी घडतेही. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी उपसागरात २,८९१ मीटर खोलीवर पडलेल्या देवमाशाच्या सांगाड्यावर लालसर पिसाऱ्यासारख्या क्लोमांचे (कल्ल्यांचे), तोंड व आतडे नसलेले कृमी आढळले. त्यांच्या माद्या मुळांसारख्या अवयवांनी हाडात शिरतात आणि त्या मुळांतील जीवाणूंच्या साहाय्याने पोषण मिळवतात, तर सूक्ष्म आकाराचे नर मादीच्या नळीतच राहतात. या कृमींसाठी २००४ मध्ये ओसेडॅक्स हा नवा वंशच स्थापन करावा लागला. परंतु असे प्रसंग विरळ होत. अनेक नव्या जाती दीर्घकाळ दुसऱ्याच नावाखाली वावरत आलेल्या प्राण्यांतून निघतात, त्यामुळे वर्णनकर्त्याचा बराच वेळ समुद्रावर न जाता जुने लेख वाचण्यात आणि संग्रहालयांतील बरण्यांमधले नमुने पडताळण्यात जातो.

नमुने गोळा करताना गाळ बारीक चाळणीतून धुतात व हाती आलेले कृमी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात शिथिल करतात. ही पायरी गाळली तर कृमी आक्रसतात किंवा त्यांचे तुकडे पडतात. काही नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, कारण त्यात शरीराची ठेवण चांगली टिकते. पण फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होत असल्याने काही नमुने, किंवा निदान शरीराचा एखादा तुकडा, तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. ठरावीक खंडांवरील पार्श्वपाद बारीक कात्रीने कापून काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवतात व शूकांचे प्रकार तपासतात: कोणते अखंड, कोणते सांधा असलेले, कोणते कंगव्यासारखे दातेरी, आणि कोणता प्रकार कितव्या खंडापासून सुरू होतो. युनिसिडी कुलातील कृमींचे जबडे आत ओढलेले असल्यास गळ्याजवळ छेद घेऊन ते उघडे करतात व त्यांवरील दात मोजतात. अशा कृमींचा मागचा भाग बहुधा तुटलेला असल्यामुळे एकूण लांबीवर भिस्त न ठेवता शूक असलेल्या दहाव्या खंडापाशी रुंदी मोजण्याचा प्रघात आहे. क्लोमांतील तंतूंची संख्या यांसारखी काही लक्षणे वयानुसार बदलतात. म्हणून एकाच नमुन्यावर उभी केलेली जाती नेहमी संशयास्पद ठरते.

प्राणिनामांचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेने घालून दिले असून स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या प्राण्यांच्या वर्गीकरणावरील ग्रंथाची १७५८ मधील दहावी आवृत्ती ही त्यांची आरंभरेषा आहे. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या जातीचे नाव नवे असल्याचे स्पष्ट म्हणावे लागते. नाव ज्याच्याशी कायमचे जोडले जाते तो नमुना, म्हणजे होलोटाइप, ठरवून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही सांगावे लागते. एकाच जातीला दोन नावे मिळाली असतील तर सामान्यतः आधीचे नाव टिकते.

या नियमांचा कस युनिसिडी कुलातील मार्फिसा सँग्विनिया या जातीच्या बाबतीत चांगलाच लागला. माँटेग्यू यांनी १८१३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून वर्णिलेली ही जाती पुढे जवळजवळ जगभरातून नोंदली गेली. एकच कृमी थंड व उष्ण अशा सर्व समुद्रांत कसा नांदतो, हा प्रश्न दीर्घकाळ कोणी नेटाने विचारला नाही. माँटेग्यूंचे वर्णन त्रोटक होते आणि पडताळण्यासाठी मूळ नमुनाही उपलब्ध नव्हता. अखेर २००३ मध्ये हचिंग्ज व कॅराजॉर्गोपूलॉस यांनी त्याच्या जागी नवा नामधारक नमुना निश्चित करून जातीचे पुनर्वर्णन केले आणि त्याच लेखात पूर्व ऑस्ट्रेलियातील कृमी मार्फिसा मुल्लावा या नावाने वेगळा काढला. तुलनेला पक्का आधार मिळाल्यावर इतर देशांतूनही अशा जाती वेगळ्या होऊ लागल्या. दक्षिण आफ्रिकेत मासेमार आमिष म्हणून वापरत असलेल्या कृमीला २००८ मध्ये मार्फिसा एलित्येनी हे नाव मिळाले; मात्र २०२० मधील पुनरीक्षणात तो कात्रफाज यांनी एकोणिसाव्या शतकातच केप ऑफ गुड होपहून वर्णिलेला मार्फिसा हीमासोना असल्याचे दिसून आले व नवे नाव मागे पडले. युरोपीय नावाच्या जागी नवे नाव देण्याआधी मधल्या काळात तेथील कृमींना दिलेली सर्व शास्त्रीय नावे तपासणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येते.

डीएनएच्या तुलनेने हे काम सोपे झाले, पण निर्धोक झाले नाही. सुमारे ६५० घटकांच्या सीओआय या जनुकखंडातील फरक पाहून दोन जाती अलग असल्याचा अंदाज बांधता येतो. तथापि सर्वांना खुल्या असलेल्या डीएनए-माहितीसंचातील जनुकक्रमांवर चुकीचे जातिनाम असेल तर तीच चूक पुढच्या लेखांत उतरते. दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यांतून डीएनए मिळण्याची शक्यता कमी असल्याने जातीचे मूळ वर्णन जेथून झाले त्या ठिकाणी जाऊन ताजे नमुने मिळवणे हाच खात्रीचा मार्ग उरतो.

भारतीय किनाऱ्यावरील कृमींची ओळख अनेक दशके फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फोव्हेल यांच्या १९५३ मधील ग्रंथाच्या आधारे होत आली. ग्रंथ मोलाचा असला, तरी त्यात दूरदेशीची अनेक नावे येथील कृमींना लावलेली आहेत. सदर्न यांनी १९२१ मध्ये ओडिशातील चिल्का सरोवरातून मार्फिसा ग्रेव्हलीआय ही जाती वर्णिली होती आणि चेन्नईच्या खाडीभागातील कृमीही त्याच नावाने ओळखला जात असे. चिल्काच्या मूळ नमुन्यांशी तुलना केल्यावर तो वेगळा ठरला व २०२० मध्ये मार्फिसा मद्रासी या नावाने प्रसिद्ध झाला. कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत प्रजननक्षम कोळंबीला खाद्य म्हणून असे कृमी देतात, त्यामुळे त्यांच्या प्रजननाविषयी व संवर्धनाविषयी बरेच लेखन झालेले आहे. जुन्या लेखातील कृमी यांपैकी कोणता हे त्या वेळचे नमुने जपून ठेवले असतील तरच निश्चित सांगता येते.