अशील-वकील संबंध (बेळगाव सीमाभाग)

वकिलाकडे काम सोपवणाऱ्याने (अशील, पक्षकार) त्याच्याकडून कोणत्या वागणुकीची, माहितीची व हिशेबाची अपेक्षा ठेवावी आणि स्वतः त्याला काय पुरवावे, यासंबंधीचे नियम व प्रघात. नियम देशभर एकच आहेत : ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ आणि त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेले व्यावसायिक वर्तणुकीचे नियम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मात्र त्यांना भाषेची एक बाजू येऊन चिकटते. अशील मराठी, कोर्टाचे कागद कानडी किंवा इंग्रजी, आणि घरातल्या ट्रंकेत ठेवलेले जमिनीचे जुने दस्त पुन्हा मराठीत, काही तर मोडीत. आपल्या नावाने कोर्टात काय लिहून जाते ते आपल्याला कळावे, ही इथल्या अशिलाची पहिली अपेक्षा असते. निदान असायला हवी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तोवर इथली अपिले मुंबई उच्च न्यायालयात जात, पुढे ती बंगळूरला जाऊ लागली. २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले व २०१३ मध्ये ते कायम झाले, तेव्हा कुठे बंगळूरची खेप वाचली. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) बसते. निपाणीकराला कोल्हापूर धारवाडपेक्षा कितीतरी जवळ, पण त्याचे अपील धारवाडलाच. खुद्द सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तारखेची वाट पाहणे म्हणजे काय हे इथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

वकीलपत्र : काम सुरू होते ते वकीलपत्रावर सही झाल्यावर. छापील नमुन्यात दावा काढून घेणे, तडजोड करणे, कोर्टात जमा झालेली रक्कम उचलणे असे सगळे अधिकार एका दमात लिहिलेले असतात आणि सही करणारा बहुधा ते वाचत नाही. तरीही अशिलाने स्पष्ट सांगितल्याशिवाय त्याचा मूळ हक्क सोडून देण्याची मुभा वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी विरुद्ध बलवान सिंग या प्रकरणात नमूद केले आहे. भूसंपादनाच्या प्रकरणात रक्कम उचलण्याचा मजकूर सहीपूर्वी वाचून घ्यावा आणि नको असल्यास खोडायला सांगावा. हालगा-मच्छे बायपासपासून बेळगावच्या आसपास भूसंपादन सतत गाजत असल्याने हा मुद्दा इथे पुस्तकी राहत नाही.

भाषा : कर्नाटकातील खालच्या न्यायालयांची भाषा कानडी असून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ नुसार लेखी काम इंग्रजीतही करता येते. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या साक्षीदाराने मराठीत बोलण्याची फारशी अडचण येत नाही. जबानी दुसऱ्या भाषेत उतरवली गेली आणि साक्षीदाराला ती भाषा समजत नसेल, तर त्याने ज्या भाषेत साक्ष दिली त्या भाषेत ती समजावून सांगितली पाहिजे, असे संहितेचा आदेश १८, नियम ६ सांगतो. खरी गफलत त्याच्या आधी होते. २००२ च्या दुरुस्तीपासून सरतपास (आपल्या बाजूच्या साक्षीदाराची पहिली साक्ष) तोंडी न होता शपथपत्रावर होतो. ते शपथपत्र वकिलाच्या ऑफिसात कानडीत किंवा इंग्रजीत टाइप होते, अशील तारखेच्या सकाळी एसटीने येतो, दाखवतील तिथे सह्या करतो. पुढे उलटतपासात समोरचा वकील विचारतो, ‘चौथ्या परिच्छेदात तुम्हीच म्हटलंय ना, की वाटणी वडील असतानाच झाली?’ अशिलाने तसे म्हटलेलेच नसते, किंवा ‘तोंडी बोलणं झालं होतं’ एवढेच म्हटलेले असते. ‘मला ठाऊक नाही, वकिलांनी लिवलंय’ हे उत्तर मग त्याच्याच दाव्याच्या मुळावर येते.

म्हणून दावा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि शपथपत्र या तीन कागदांचा मजकूर सहीपूर्वी मराठीतून ऐकवला जावा, हा अशिलाचा हट्ट रास्त आहे. ‘साहेब, एकदा मराठीतनं वाचून दावा की’ असे म्हणण्यात वकिलाचा अपमान नाही. बेळगावातल्या अनेक वकिलांना मराठी उत्तम येते, कित्येकांची ती घरचीच भाषा आहे. आड येते ती घाई. सही झालेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्यावी.

अशिलानेही काही आणायचे असते. चालू उतारे, फेरफाराच्या नोंदी (गावाकडे म्हणतात ती डायरी), वाटणीपत्र, खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या. मोडीतला कागद निरुपयोगी समजून मागे ठेवू नये, जाणकाराकडून त्याचे लिप्यंतर करून घ्यावे. अडचणीचा कागद तर आधी दाखवावा. वकिलापासून लपवलेला दस्त बहुतेक वेळा समोरच्याच्या फायलीतून बाहेर येतो.

फी : खासगी वकिलाची फी ठरलेली नसते, ती बोलून ठरते. काही जण एकरकमी घेतात, काही तारखेवर, बरेच जण अर्धी आधी. कोर्ट फी, टायपिंग, नकला, वेल्फेअर स्टॅम्प (वकील कल्याण निधीचे तिकीट), कोर्ट कमिशनरचा खर्च हे सारे फीच्या बाहेर असू शकते, तेव्हा पहिल्याच बैठकीत कोणता खर्च कशात धरला आहे हे लिहून घ्यावे. अशिलाकडून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे, फी किती आणि खर्चासाठी किती हे वेगळे दाखवणे, वकिलावर बंधनकारक आहे. पावती मागायला इकडे लोक संकोचतात. ‘जमीन सुटली तर दोन गुंठे तुमचे’ असे बोलणे गावाकडे सर्रास चालते. पण निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा दाव्यातल्या मिळकतीत हिस्सा घेणे बार कौन्सिलच्या नियमांना मंजूर नाही. भरपाईच्या टक्केवारीलाही हेच लागू. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व अटकेतील व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही (हेल्पलाइन १५१००).

तारखा : निकालाची हमी कोणी वकील देऊ शकत नाही, देत असेल तर उठून यावे. तारखेला काय झाले, पुढची केव्हा आणि कशासाठी, हे मात्र त्याने सांगितलेच पाहिजे. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो घेतला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर घरातले कॉलेजला जाणारे पोरही तारीख पाहून सांगते. समन्स मिळाल्यापासून कैफियतीला ३० दिवस, वाढवून ९०. अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत (निकालाच्या नकलेसाठी लागलेले दिवस वगळून). जमिनीचे दावे आजोबांकडून नातवाकडे येतात, म्हणून आणखी एक मुदत लक्षात ठेवावी : पक्षकार वारल्यास ९० दिवसांत वारस लावण्याचा अर्ज न झाल्यास दावा त्याच्यापुरता पडतो. आपला अशील वारल्याचे कोर्टाला कळवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, पण बाराव्यानंतर कोणीतरी वकिलाला फोन केला तरच ते त्याला कळणार.

सीमेपलीकडची नाती : चंदगड, गडहिंग्लज, कागल इकडे लेकी दिलेल्या असतात. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत त्या मुलग्यांच्या बरोबरीने वाटेकरी आहेत. भावांनी आणलेल्या वकीलपत्रावर बहिणींच्याही सह्या घेण्याची पद्धत आहे. हक्कसोड हवा असलेले भाऊ आणि हिस्सा हवा असलेली बहीण यांचे हित एक नसते, आणि अशा वेळी दोघांना वेगळे वकील सुचवणे हेच प्रामाणिक वकिलाचे काम. स्थावर मिळकतीचा दावा ती जिथे आहे तिथेच लावावा लागतो. काही जमीन खानापुरात आणि काही चंदगडात असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ मुळे दोन्हींपैकी एका ठिकाणी एकत्र दावा चालू शकतो. कोर्ट फीचे कायदे मात्र दोन राज्यांचे वेगळे आहेत.

गुप्तता : अशिलाने व्यावसायिक कामात सांगितलेली गोष्ट वकिलाला उघड करता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. वकिलाचा कारकून आणि दुभाषी यांनाही ती लागू आहे; सोबत आणलेल्या गावच्या पुढाऱ्याचे तसे नाही. गुन्हा किंवा फसवणूक करण्यासाठी घेतलेल्या सल्ल्याला हे संरक्षण मिळत नाही.

वकील बदलणे : पुरेसे कारण आणि आगाऊ सूचना असल्याशिवाय वकिलाने काम सोडू नये, सोडल्यास न कमावलेली फी परत करावी, असा नियम आहे. अशिलाला वकील बदलायचा असल्यास आधीच्याची संमती घेतात. ती न मिळाल्यास नवा वकील कोर्टाकडे परवानगी मागतो. फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही (आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, २०००).

तक्रार : केस हरणे हे गैरवर्तन नव्हे. पैसे दाबणे, परस्पर तडजोड करणे, समोरच्या बाजूला मिळणे यांबद्दल बंगळूरच्या कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. समज देणे, काही काळ वकिलीला बंदी आणि नाव पटावरून काढणे अशा शिक्षा आहेत. वर्षभरात निर्णय न झाल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. ग्राहक मंचाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निर्णयाने बंद झाला आहे. फीच्या परताव्याचा वाद त्यामुळे दिवाणी न्यायालयात न्यावा लागतो, आणि त्यासाठी दुसरा वकील गाठावा लागतो.