१९७३ची अरब तेलबंदी

ऑक्टोबर १९७३ ते मार्च १९७४ या पाच महिन्यांत अरब देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांना तेल द्यायचं बंद केलं आणि त्याच वेळी स्वतःचं एकूण उत्पादनही कमी केलं, त्या सगळ्या प्रकाराला अरब तेलबंदी म्हणतात. तेल विकणाऱ्यांनी राजकारणासाठी नळ बंद करण्याचे प्रयत्न आधी आणि नंतरही झाले, पण एवढा जिव्हारी लागलेला हाच. ही बंदी ओपेकने, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने, घातली असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. ओपेकमध्ये इराण, व्हेनेझुएला, नायजेरिया असे अरब नसलेले देशही होते आणि त्यांनी तेल विकणं चालूच ठेवलं. बंदी घातली ती ओआपेक या फक्त अरब देशांच्या संघटनेने, जी १९६८ मध्ये सौदी, कुवेत आणि लिबियाने काढली होती. भाव वाढवायचं काम मात्र ओपेकचं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या म्हणून गोंधळ होतो.

आधी एकदा हा बार फुसका गेला होता

जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धातही अरबांनी अमेरिका, ब्रिटनचं तेल तोडलं होतं, पण कोणाला फारसं कळलंसुद्धा नाही, कारण तेव्हा अमेरिकेकडे स्वतःच्या विहिरींमध्ये भरपूर शिल्लक क्षमता होती. टेक्सासमध्ये कोणी किती तेल उपसायचं हे टेक्सास रेलरोड कमिशन ठरवायचं (नावात रेल्वे असली तरी मुख्य काम तेलाचंच) आणि ते मुद्दाम हात राखून उपसायला लावायचं, म्हणजे अडचण आली की चावी सोडली की झालं. अरबांचंच उत्पन्न बुडालं आणि दोन-तीन महिन्यांत खार्टुमच्या परिषदेत त्यांनी बंदी गुंडाळली. पुढे १९७० मध्ये अमेरिकेचं उत्पादन शिखरावर जाऊन घसरायला लागलं, १९७२ मध्ये त्याच कमिशनने १०० टक्के उपसायची परवानगी दिली, म्हणजे राखीव असं काही उरलंच नाही, आणि १९७३ पर्यंत अमेरिका आपल्या गरजेचं एक तृतीयांशाहून जास्त तेल बाहेरून आणत होती. माझ्या मते १९७३ ची खरी गोष्ट इथे सुरू होते. युद्ध हे निमित्त, सहा वर्षांत तराजू फिरलेला होता.

बंदी कशी घातली

६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. १६ तारखेला कुवेतमध्ये आखाती तेल देशांनी (यात इराणही होता) परदेशी तेल कंपन्यांना न विचारता भाव ७० टक्क्यांनी वाढवला, बॅरलला ३.०१ डॉलरवरून साधारण ५.१२ डॉलर. तोपर्यंत भाव ठरायचा तो कंपन्यांशी घासाघीस करून, यावेळी थेट जाहीर करून टाकला. दुसऱ्या दिवशी तिथेच अरब तेलमंत्री बसले आणि ठरलं की इस्रायल १९६७ मध्ये घेतलेला प्रदेश सोडत नाही तोवर दर महिन्याला उत्पादन ५ टक्के कमी करायचं. सौदीचा राजा फैसल अमेरिकेशी पूर्ण बिघडवायला तयार नव्हता, पण १९ तारखेला अध्यक्ष निक्सनने इस्रायलसाठी २२० कोटी डॉलरची लष्करी मदत काँग्रेसकडे (अमेरिकेची संसद) मागितली आणि मग २० ला सौदीनेही अमेरिकेचं तेल पूर्ण तोडलं. पाठोपाठ नेदरलँड्स, मग पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे). नोव्हेंबरच्या सुरुवातीला कपात सप्टेंबरच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंत नेली. इराकने मात्र कपातीत भाग घेतला नाही, त्याऐवजी अमेरिकन आणि डच कंपन्यांचे हिस्से सरकारजमा केले आणि तेल विकत राहिला.

यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट अरामकोची. सौदीचं तेल काढायची ती अरामको, आणि तिची मालकी तेव्हा मुख्यतः चार अमेरिकन कंपन्यांची, एक्सॉन, मोबिल, टेक्साको आणि सोकल (आजची शेव्हरॉन). म्हणजे अमेरिकेवरची बंदी अमेरिकन कंपनीनेच राबवायची, कुठला टँकर कुठे गेला त्याचा हिशोब सौदी सरकारला द्यायचा, आणि अमेरिकन नौदलाला जाणारं इंधनसुद्धा बंद करायचं. कंपनीने ते निमूट केलं, नाहीतर विहिरीच हातच्या गेल्या असत्या.

चाळणीतून पाणी

आता बंदी म्हटल्यावर असं वाटतं की अमेरिका आणि नेदरलँड्सला तेल मिळालंच नाही. तसं झालं नाही. तेल एकदा जहाजात चढलं की ते कुठे उतरेल हे विहिरीच्या मालकाच्या हातात फारसं राहत नाही, बड्या कंपन्यांनी अरबांचं तेल बंदी नसलेल्या देशांकडे वळवलं आणि इराण, नायजेरिया, इंडोनेशियाचं तेल बंदी असलेल्या देशांकडे, त्यामुळे तुटवडा सगळ्यांच्यात कमीजास्त वाटला गेला. नावं घेऊन घातलेली बंदी गळकी निघाली, खरा फटका बसला तो एकूण उत्पादन कमी केल्याचा. बाजारात रोज चाळीस-पन्नास लाख बॅरल कमी आले आणि पुढच्या महिन्यात अजून किती कमी येतील याची भीती त्याहून मोठी. डिसेंबरमध्ये इराणने थोडं तेल लिलावात काढलं तर बोली १७ डॉलरच्या वर गेली! ते बघून डिसेंबर अखेरीस तेहरानमध्ये ओपेकच्या आखाती देशांनी भाव ११.६५ डॉलर केला, १ जानेवारी १९७४ पासून लागू. तीन महिन्यांत जवळपास चौपट. यासाठी जोर लावणारा इराणचा शहा, म्हणजे अमेरिकेचा दोस्त. सौदीला उलट एवढी वाढ नको होती.

अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल, हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा. ओरेगनमध्ये पंपांवर झेंडे लावायचे, हिरवा म्हणजे मिळेल, पिवळा म्हणजे मर्यादित, लाल म्हणजे संपलं, उगाच रांगेत थांबू नका. नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबरपासून रविवारी गाड्याच बंद. जपानची तऱ्हा वेगळीच, ओसाकाजवळच्या सेनरी न्यू टाऊनमधल्या एका दुकानात टॉयलेट पेपरसाठी झुंबड उडाली आणि ते लोण देशभर पसरलं, कारण तेल नाही म्हणजे कागदही मिळणार नाही असा लोकांचा समज झाला.

साधलं काय

नाक दाबलं की तोंड उघडतं या हिशोबाने बघितलं तर तोंड उघडलं, पण अर्धवट. ६ नोव्हेंबरला युरोपीय समुदायाच्या नऊ देशांनी इस्रायलने व्यापलेला प्रदेश सोडावा असं पत्रक काढलं, २२ नोव्हेंबरला जपाननेही तीच भाषा वापरली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या धावपळीतून जानेवारी १९७४ मध्ये सिनाईत (इस्रायलने इजिप्तकडून घेतलेला प्रदेश) सैन्यं मागे घ्यायचा करार झाला. पण १९६७ च्या सीमेवर इस्रायल काही गेला नाही, आणि तरीही १८ मार्चला व्हिएन्नात बहुतेक अरब देशांनी बंदी उठवली. मूळ अट तशीच राहिली. मिळाला तो पैसा आणि विहिरींवरची मालकी. बंदी उठली तरी भाव काही खाली आले नाहीत, आणि अरामकोही १९८० पर्यंत पूर्ण सौदीची झाली.

ग्राहक देशही शहाणे झाले. नोव्हेंबर १९७४ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था निघाली, सदस्यांनी आयातीच्या ९० दिवसांचा साठा ठेवायचा हा तिचा आजचा नियम, आणि अमेरिकेने १९७५ मध्ये राखीव साठ्याचा कायदा केला.

भारताचं काय झालं

भारत अरबांच्या बाजूने होता, त्यामुळे आपल्यावर बंदी नव्हती, पण चौपट भाव दोस्त-दुश्मन बघत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळालं. आधीच १९७२ चा दुष्काळ, महागाई, त्यात क्रूडचं (कच्च्या तेलाचं) बिल आणि खतांचे भाव. सरकारने पेट्रोलचे दर वाढवले तेव्हा नोव्हेंबर १९७३ मध्ये वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, आणि इंदिरा गांधीही पेट्रोल वाचवायचा संदेश म्हणून घोडागाडीतून फिरल्या होत्या. परदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या त्याही याच काळात, १९७४ मध्ये एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, १९७६ मध्ये बर्मा शेलची आजची भारत पेट्रोलियम, दोन्हींच्या रिफायनऱ्या मुंबईत माहुलला शेजारीशेजारी. योगायोग असा की तेलबंदी चालू असतानाच, फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगला (समुद्रात विहीर खोदणारं जहाज) मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल लागलं. तेच बॉम्बे हाय, उत्पादन मे १९७६ पासून. शोध आधीपासून चालू होता, पण चौपट भावामुळे समुद्रातलं महाग तेल काढणं एकदम परवडायला लागलं.

दुसरा परिणाम कोकणात दिसतो. आखातात आलेल्या पैशातून रस्ते, बंदरं, रिफायनऱ्या उभ्या राहायला लागल्या आणि रत्नागिरी, रायगडकडची माणसं कुवेत, सौदी, दुबईला वेल्डर, ड्रायव्हर, फिटर म्हणून गेली. तिकडून आलेल्या पैशातून बांधलेली घरं आजही तिथल्या गावांमध्ये आहेत.

नंतर

अरबांनी असं हत्यार एकत्र मिळून पुन्हा वापरलेलं नाही, कारण भाव फार चढले की लोक तेल कमी वापरतात आणि दुसरीकडे शोधतात. उत्तर समुद्र आणि अलास्काचं तेल बाजारात आलं ते या भावांच्या जोरावरच, आणि १९८६ मध्ये भाव कोसळले. अलीकडे हत्यार जास्त करून ग्राहकांच्या बाजूने चालतं. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे भारताने २०१९ मध्ये इराणचं तेल घ्यायचं बंद केलं, डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ देशांनी रशियन क्रूडवर ६० डॉलरची कमाल मर्यादा लावली. ते तेलही थांबलं नाही, वळलं, आणि युक्रेन युद्धाआधी भारताच्या तेल आयातीत दोन टक्क्यांच्या आसपास असलेला रशियाचा वाटा २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या वर गेला, बरंचसं तेल सवलतीत.