नदीकाठ जमीनवापर नियमन (कोकण)

नदीच्या पात्रालगत काय बांधावे, कुठवर भराव घालावा आणि कोणती जमीन मोकळी राहू द्यावी, हे ठरवणारे नियम म्हणजे नदीकाठ जमीनवापर नियमन. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने निसर्गरम्य नद्यांचा वेगळा वर्ग केला. भारतात असा वर्ग नाही. कोकणातल्या नदीकाठाला मिळते ते संरक्षण किनारा नियमन, पूररेषा आणि प्रादेशिक योजना यांतून, तुकड्यातुकड्यांनी येते. नदी मात्र सलग असते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कोकणातल्या नद्या आखूड आहेत. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरलेले पाणी थोड्याच अंतरात भरतीच्या पाण्याला भेटते: सावित्री बाणकोटच्या, वाशिष्ठी दाभोळच्या, शास्त्री जयगडच्या खाडीतून समुद्राला मिळते. वर खडकाळ पात्र आणि डोह, मध्ये भाताचे मळे, खाली कांदळवन आणि खाजण (भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली येणारी जमीन). या तिन्ही भागांना आज वेगवेगळे नियम लागू होतात.

खालच्या भागाला सागरी किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना लागू होते. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली ती प्रथम १९९१ मध्ये निघाली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने आली. खाडीचा प्रभाव नदीत कुठवर मानायचा, याची कसोटी मिठाची आहे. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता जिथे हजारी ५ भाग भरते, तिथे हद्द संपते. काठावरचा नियंत्रित पट्टा २०११ च्या नियमाने भरतीरेषेपासून (उधाणाचे पाणी जिथवर चढते ती रेषा) १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते, असा होता. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. म्हणजे दीडशे मीटर रुंदीच्या खाडीचा पट्टा थेट निम्मा झाला, तर पंचवीस मीटरच्या फाट्याला आधीही पंचवीसच होते आणि आताही तेवढेच आहेत. नदीकाठाचे दृश्य दोन्ही काठांच्या उतारांनी मिळून बनते. पन्नास मीटरांत तो उतार मावत नाही.

रोजच्या भरतीची पातळी प्रत्यक्षात पाहायची तर ओहोटीला होडीतून जावे. तिवरांच्या (कांदळवनातल्या झाडांच्या) खोडांवर गाळाचा राखाडी पट्टा एकाच पातळीवर ओढल्यासारखा दिसतो; त्याच्या वर पाने हिरवी स्वच्छ, खाली चिखल आणि चिकटलेले कालव. उधाणाचे पाणी त्याहूनही वर चढते.

कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये निकाल दिला, की जमिनीची मालकी कोणाचीही असो, कांदळवन तोडता येणार नाही आणि त्याभोवती ५० मीटरांत बांधकाम होणार नाही. निकाल मोलाचा आहे. पण खाडीकाठच्या शेतकऱ्याची एक बाजू इथे नोंदवायलाच हवी. खारबंदिस्तीचा (खारे पाणी अडवणारा) बांध फुटला, उघाडी (बांधातली पाणी सोडण्याची झडप) मोडली आणि दुरुस्ती वेळेत झाली नाही, की खारे पाणी भातखाचरात शिरते. काही वर्षांत तिथे तिवरे उभी राहतात आणि ज्या खाचरात आजोबांनी भात लावला, तेच संरक्षित वन होऊन बसते. अशा बांधांसाठी महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा १९७९ पासून आहे. बांधांची निगा राखणे हासुद्धा नदीकाठ वाचवण्याचाच भाग मानला पाहिजे.

क्षारतेची हद्द संपली की नियम विरळ होतात. उद्योगांना नदीपासून ठरावीक अंतर पाळायला लावणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २००० साली आले आणि २०१५ मध्ये रद्द झाले. उरल्या पूररेषा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. शेती, बागा, मैदाने चालतात. दोन्ही रेषांच्या मधल्या भागात अटींवर परवानगी मिळते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्यानंतर पूररेषांचा वाद शहरात घरोघरी पोचला, कारण जुनी बाजारपेठच त्या रेषांमध्ये सापडते. वसलेल्या गावाला रेषा जाचक वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच रेषा वस्ती होण्याआधी, प्रादेशिक योजनेतच आखली जायला हवी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये त्याची सोय आहे.

कायद्याच्या कितीतरी आधीपासून काही डोह लोकांनी स्वतः राखले. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे इथे देवाचे म्हणून मासे मारत नाहीत. काठावर उभे राहून चुरमुरे टाकले, की हातभर लांबीचे मासे पाण्यावर येतात.