जॅकेट नसलं की ज्युदो संपतो?

"ज्युदोचा चॅम्पियन एमएमएत चालत नाही, जॅकेट नसलं की त्याचा एकही डाव लागत नाही," असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, फेका, गळा आवळणं असं सगळं चालणारी लढत. तिथे ज्युदोचं जाड जॅकेट नसतं, त्यामुळे बाही-कॉलरच्या पकडी जातात, हे खरं. पण काखेतून हात घालून किंवा मान धरून कमरेवरची फेक बसतेच. धुळे-जळगावकडच्या आखाड्यात लंगोटावरचे पैलवान ढाक आणि टांग असेच मारतात. जाऊन बघा, खात्री पटेल.

खरी अडचण वेगळी आहे. ज्युदोत समोरचा जोरात, स्वच्छ पाठीवर पडला की इप्पॉन, लढत संपली. एमएमएत ती चालूच राहते. मानेची पकड फेकताना सुटली, तर आपली पाठ उघडी पडते आणि मागून गळा आवळला जातो. पालथं पडून थांबायची सवयही मोडावी लागते: ज्युदोत पंच लवकर उभं करतात, इथे ठोसे बसतात.